धंद्याची पाटी इंटरनेटवर लावताना

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात लहानमोठा धंदा करणारे आमचे वाचक भेटले की एक प्रश्न हमखास निघतो. वेबसाइट करून देणारा माणूस दारात आला आहे, हजारो रुपये मागतो आहे, तर करावी की नाही? आमचे उत्तर असे की, जरूर करावी. पण ती कशी असावी हे त्या माणसावर सोडून देऊ नये. दुकानाची पाटी रंगविणारा पेंटर कितीही हुशार असला तरी पाटीवर काय लिहायचे ते मालकच सांगतो.

आपल्यातील बहुतेकांची धंद्यातली ही पहिलीच पिढी आहे. वाडवडिलांची गादी नाही, बाजारपेठेत पिढीजात गिऱ्हाईक नाही. स्टेशनसमोरच्या गाळ्याचे डिपॉझिट ऐकूनच माणूस मागे फिरतो आणि गल्लीच्या आत दुकान थाटतो. अशा दुकानाला मोक्याच्या जागेची उणीव वेबसाइट थोडीफार भरून काढू शकते. म्हणूनच कर्जातून किंवा भिशीतून उचललेला पैसा नुसत्या दिखाव्यावर जाता कामा नये.

समजा, कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत एका भगिनीचे पोळीभाजी केंद्र आहे. संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये उभी असलेली एक नोकरदार बाई उद्याच्या हळदीसाठी पन्नास माणसांचे जेवण शोधते आहे. एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हातात मोबाईल. तिला चारच गोष्टी हव्या आहेत. काय मिळते, साधारण किती पैसे पडतील, दुकान कुठे आहे आणि फोन कुठे लावायचा. या चार गोष्टी पहिल्याच पडद्यावर, बोटाने खाली न सरकवता दिसल्या तर ऑर्डर आली म्हणून समजा. त्याऐवजी ‘आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे’ अशी हलती पट्टी, देवघराएवढी महिरप आणि मालकांचे मनोगत दिसले, तर ती बाई दिवा येण्याआधी दुसऱ्या दुकानाकडे वळलेली असेल.

जगातली पहिली वेबसाइट १९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी केली. तिच्यात एकही चित्र नव्हते. हे काम काय आहे, ते कसे वापरायचे, कोणाला विचारायचे, एवढेच साध्या अक्षरांत लिहिले होते. १९९३ साली सर्नने हे तंत्र सगळ्यांना विनामूल्य खुले करून टाकले. तेव्हा झगमगाट नसेल तर वेबसाइट अपुरी राहते, हे कोणी सांगू लागले तर ऐकू नये.

पत्त्याच्या बाबतीत आपल्याकडे विशेष दक्षता हवी. नुसते ‘कल्याण’ किंवा ‘डोंबिवली’ लिहून चालत नाही. पूर्व की पश्चिम, हे ठळक लिहावे. चुकीच्या बाजूला उतरलेल्या गिऱ्हाइकाला रिक्षाने पत्री पुलाचा वळसा पडला तर तो पुन्हा येत नाही. जवळची शाळा, बुद्धविहार, रिक्षा स्टँड अशी खूण द्यावी. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद विनामूल्य होते, ती स्वतःच्या मोबाईलवरून करावी. दराबद्दल आमचे मत अनेकांना पटत नाही, पण ‘रेट फोनवर सांगू’ हे वाक्य गिऱ्हाईक घालविणारे आहे. निदान ‘इतक्यापासून पुढे’ एवढे तरी लिहावे.

आता अक्षरांविषयी, कारण इथेच सर्वांत जास्त फसगत होते. पुष्कळ जण छापील हँडबिलाचा फोटो काढून तोच वेबसाइटवर चढवितात. फोटोतली अक्षरे शोधयंत्राच्या हाती नीट लागतीलच असे नाही. ज्यांना दिसत नाही अशा बांधवांचा मोबाईल पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवितो, तोही फोटोपाशी बहुधा अडतो. आणि फोन नंबर फोटोत असेल तर त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही. दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. डीटीपीवाल्याकडचा श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर जसाच्या तसा टाकला तर समोरच्याला मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. मजकूर युनिकोडमध्येच हवा, असे करून देणाऱ्याला बजावून सांगावे. मराठी आधी लिहावी, पण दुकानाचे नाव आणि काम रोमन लिपीतही द्यावे, कारण पुष्कळ मराठी माणसेही शोधताना तीच अक्षरे वापरतात.

रंग साधे ठेवावेत. पिवळ्यावर पांढरे, निळ्यावर लाल अशी अक्षरे चाळिशी लागलेल्या माणसाला दिसत नाहीत. फोटो स्वतःच्या दुकानाचे, स्वतःच्या कामाचे असावेत. परदेशी टोपीवाल्या आचाऱ्याचा उसना फोटो पाहून कोळसेवाडीतले गिऱ्हाईक हसते. मोबाईलने काढलेला एकेक फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो लहान करून दोनशे केबीच्या आत आणावा, म्हणजे गर्दीच्या डब्यातही पान लवकर उघडते. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असल्याची खात्री करावी. ते नसेल तर क्रोम ब्राउझर २०१८ पासून ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का दाखवितो. त्याचे प्रमाणपत्र फुकटही मिळते, त्यासाठी वेगळे हजारो रुपये मोजू नयेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मालकी. वेबसाइटचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते कोणाच्या खात्यावर नोंदविले आहे? आपला माणूस पैसे देऊन मोकळा होतो आणि नोंद राहते करून देणाऱ्याच्या नावावर. पुढे भांडण झाले, तो गाव सोडून गेला किंवा त्याने मुदतीत पैसे भरले नाहीत, तर पाटी उतरते. मुदत संपलेले नाव काही काळाने दुसरा कोणीही घेऊ शकतो. जमिनीचा सातबारा आपण दलालाच्या नावावर ठेवीत नाही, मग हे नाव का ठेवावे? नोंदणी आपल्या ईमेलवर, आपल्या मोबाईल नंबरवर करावी, पासवर्ड आपल्याच वहीत असावा. साध्या ‘.इन’ नावाला बहुधा वर्षाला काही शे रुपये लागतात. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ हे नावही घेता येते. हौस असल्यास घ्यावे, पण जोडीला रोमन लिपीतले हवेच.

हे सर्व उरकले की शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एक करावे. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या वयस्क बाईच्या हातात साधा मोबाईल द्यावा. ‘पन्नास माणसांचे जेवण सांगायचे आहे, यातून फोन लावा’ एवढेच म्हणावे आणि आपण गप्प बसावे. त्यांचे बोट जिथे जिथे अडखळेल ते कागदावर टिपून घ्यावे, आणि तेवढे दुरुस्त करून मिळाल्यावरच उरलेले पैसे द्यावेत.