हरकत कोणाची?

जिल्ह्याच्या ठिकाणच्या विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात भिंतीवर एक फलक असतो. त्यावर टाचणीने लावलेले कागद, त्यातले काही उन्हाने पिवळे पडलेले. प्रत्येक कागदावर दोन नावे आणि त्यापुढे रकाने: अविवाहित, विधुर की घटस्फोटित, व्यवसाय, वय, राहण्याचे ठिकाण, कायमचा पत्ता, तेथे किती दिवसांपासून वास्तव्य. बाहेर झाडाखाली अर्ज भरून देणारा टंकलेखक बसलेला असतो. जन्माचा दाखला, रहिवासाचा पुरावा, तीन साक्षीदार हे सगळे सांगून झाले की तो आवाज खाली आणून विचारतो, ‘घरी माहीत आहे ना?’ सरकारी नमुन्यात हा रकाना नाही. पण अनेकांचे अडते ते तिथेच.

विशेष विवाह कायदा १९५४ सालचा. जात, धर्म न विचारता दोन सज्ञान व्यक्तींना नोंदणी पद्धतीने विवाह करता यावा, हा त्याचा हेतू. मात्र त्यासाठी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेले असावे लागते आणि तेथे नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात सहज दिसेल अशा जागी लावली जाते. कोणी दुसऱ्या जिल्ह्याचा कायमचा रहिवासी असेल, तर प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते. म्हणजे ज्या गावातून पाय काढला, त्याच मुलुखात वर्दी. पुढे ३० दिवस हरकतीची वाट पाहायची. हरकत घेणारा नातलग असला पाहिजे असेही नाही, ‘कोणीही’ ती घेऊ शकतो. ती आली की चौकशीसाठी आणखी ३० दिवस. हरकत अवाजवी आणि खोडसाळ ठरली, तर घेणाऱ्याला जास्तीत जास्त एक हजार रुपयांचा भुर्दंड. एखाद्याचे लग्न महिनाभर रखडवण्याचा हा दर आजच्या भावात फारच स्वस्त आहे.

आता याच्या शेजारी मंगल कार्यालयातले लग्न ठेवून पाहा. हिंदू विवाह कायद्यात आधी नोटीस नाही. अक्षता पडल्या की लग्न लागले. नंतर ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात नमुना ‘ड’ भरायचा, लग्नपत्रिका जोडायची, साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्याच्या सह्या घ्यायच्या. वधूवरांचे पत्ते लिहून ‘कोणाची हरकत आहे का’ असे तेथे कोणी गावाला विचारत नाही. ज्यांच्या पाठीशी सारे गणगोत उभे असते त्यांच्यावर सरकारचा विश्वास आणि ज्यांच्या पाठीशी कोणीच नाही त्यांची मात्र फलकावर जाहीर उलटतपासणी, असा हा उफराटा न्याय आहे.

महाराष्ट्राला तर तो मुळीच शोभत नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक पद्धतीचा विवाह लावून पुरोहिताची मध्यस्थी नाकारली. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांना मान्यता देणारा कायदा केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचा १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत झालेला विवाह नोंदणी पद्धतीचाच होता. त्यांच्या काळी लागू असलेला इंग्रजी अमदानीतला १८७२ चा कायदाही नोटीस मागे, पण तिची मुदत १४ दिवसांची होती. स्वतंत्र भारताने कायदा उदार केला, धर्म सोडल्याचे जाहीर करण्याची जुनी अट काढली आणि त्याच हाताने वाट पाहण्याचे दिवस दुपटीहून अधिक केले.

नोटिशीची बाजू घेणारे म्हणतात, ती नसेल तर फसवणूक होईल, पहिले लग्न लपवून दुसरे होईल. ही भीती खोटी नाही. फसवणूक झालेल्या बायकांचे हाल आपण पाहतोच. परंतु ज्याला पहिली बायको लपवायची आहे, तो या फलकाच्या वाटेला कशाला जाईल? तो एखाद्या देवळात हार घालून मोकळा होतो. शिवाय कायद्याला हव्या असलेल्या अटी मोजक्याच आहेत: वय, आधीचा जोडीदार हयात नसणे, संमती देण्याची मानसिक क्षमता आणि निषिद्ध नाते नसणे. वयाचा दाखला अधिकारी तपासू शकतो. घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला मागू शकतो. बाकीचे प्रतिज्ञापत्रावर घेऊन खोटे निघाल्यास खटला भरता येतो. यातले काहीही फलकावर डकवून सिद्ध होत नाही. फलकावरून कळते ते इतकेच की, कोणाची मुलगी कोणाबरोबर आणि सध्या कोठे राहते.

ही माहिती चुकीच्या हाती पडली तर काय होऊ शकते, हे सांगायला दूर जायला नको. नगर जिल्ह्यातल्या सोनईत जानेवारी २०१३ मध्ये प्रेमसंबंधाच्या रागातून तीन दलित तरुणांची हत्या झाली. तिथे नोटिशीचा संबंध नव्हता. पण जातीची प्रतिष्ठा माणसाच्या जिवापेक्षा मोठी मानणारी घरे या राज्यात आहेत, हे त्यातून दिसले. अशा घरांना पत्ता आणि महिनाभराचा अवधी, दोन्ही कायद्याने पुरवावे काय? आंतरजातीय विवाहासाठी ५० हजार रुपयांचे प्रोत्साहन देणाऱ्या सरकारने तरी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

न्यायालयांनी वाट दाखवली आहे. अशा नोटिसा अर्जदारांच्या घरी पाठवू नयेत, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्येच बजावले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये ‘शक्ती वाहिनी’ प्रकरणात, दोन सज्ञानांच्या विवाहाला कुटुंबाची वा जमातीची संमती लागत नाही, असे स्पष्ट केले आणि जोडप्यांसाठी विशेष कक्ष व निवारे उभारण्यास सांगितले. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस प्रसिद्ध करणे जोडप्याच्या इच्छेवर सोडले. केरळने २०२० साली नोटिसा संकेतस्थळावर टाकणे थांबवले, कारण त्या उचलून समाजमाध्यमांवर द्वेष पेरला जात होता.

महाराष्ट्राने यापुढे जावे. विवाह हा समवर्ती सूचीतला विषय आहे. विधिमंडळ दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती मागू शकते. नोटीस राहो, पण ती अधिकाऱ्याच्या दप्तरात. जाहीर प्रसिद्धी, कायमच्या पत्त्याच्या जिल्ह्यात प्रत पाठवणे आणि ‘कोणीही’ हरकत घेण्याची मुभा, या तिन्ही गोष्टी जाव्यात. ती दुरुस्ती होईपर्यंत निदान जोडप्याने संरक्षण मागितले तर ते त्याच दिवशी मिळेल, एवढी तरी हमी गृह खात्याने द्यावी.

आपल्याकडे लग्नात अंतरपाट धरतात. तो मंगलाष्टके संपेपर्यंतच असतो आणि मुहूर्त होताच धरणाऱ्याने तो बाजूला घ्यायचा असतो. सरकारने १९५४ पासून तो हातात घट्ट धरून ठेवला आहे, आणि पलीकडे अक्षता घेऊन कोण उभे आहे व काठी घेऊन कोण, हे पाहण्याची तसदी घेतलेली नाही.