मक्याचें टाकाऊ पाणी

पेनिसिलिनची गोष्ट सांगतांना आम्ही शिक्षक बहुधा फ्लेमिंगसाहेबांच्या 1928 सालच्या बशीपाशीं थांबतों. मुलांस ती गोष्ट आवडते. परंतु आमच्या मतें ती अर्धीच होय.

फेब्रुवारी 1941 मध्यें ऑक्सफर्ड येथें एका पोलीस शिपायास हें औषध टोंचण्यांत आलें. त्यास स्पष्ट उतार पडला. पण औषधाचा सांठा संपला. रोग्याच्या मूत्रांतून तें पुनः काढून वापरण्यापर्यंत मजल गेली, तरीहि तें पुरलें नाहीं व तो बिचारा दगावला. औषध ठाऊक होतें. तें पुरेसें पिकविण्याची रीत ठाऊक नव्हती.

ती रीत अमेरिकेंत, पिओरिया गांवच्या सरकारी शेतकी प्रयोगशाळेंत, त्याच वर्षीं हातीं लागूं लागली. मक्यापासून स्टार्च काढणारे कारखाने दाणे भिजत घालतात. त्या भिजवणाच्या पाण्यास तेव्हां फारसें कोणी विचारीत नसे. मॉयर नांवाच्या शास्त्रज्ञानें तें आटविलेलें पाणी बुरशीच्या अन्नांत मिसळलें, आणि औषधाचें उत्पन्न सुमारें दहापट झालें. दाण्यांतून उतरलेलीं नत्रयुक्त द्रव्यें त्यांत होतीं.

पेनिसिलिन बुरशीचें, पुढें मातींतील जंतूंपासूनहि औषधें निघूं लागलीं. 1954 सालीं पिंपरीस स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यांतील संशोधकांनीं ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना’ ह्या जंतूपासून हॅमायसिन हें बुरशीनाशक औषध शोधून काढिलें. असल्या जंतूंस पोसण्यास तेल काढल्यावर उरलेली सोयाबीनची पेंड कामीं येते. गव्हाचा कोंडा, उसाचें चिपाड, भाताचा पेंढा ह्यांवरहि प्रयोगशाळांत ते वाढवून पाहतात. काम सोपें नव्हे. कोंडा वाफेनें निर्जंतुक झाला नाहीं तर भलताच जंतु आधीं जेवून जातो. एका खेपेचा कोंडा दुसऱ्या खेपेसारखा नसतो. आणि तयार झालेलें औषध वेगळें काढून शुद्ध करणें फार खर्चाचें. (हा प्रयोग घरीं कोणी करूं नये, हें मुलांस बजावून ठेवितों.)

ऊस तुटल्यावर पाचटास काडी लावणारे आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडीलच आहेत. सगळें पाचट कारखान्यांत जावें असें आम्ही म्हणत नाहीं. जमिनीचा वांटा जमिनीस आधीं मिळाला पाहिजे, आणि जें विकलें जाईल त्याचा दाम शेतकऱ्याच्या पदरीं पडला पाहिजे. परंतु त्या पाचटांत काय आहे हें तपासणारा मुलगा किंवा मुलगी आपल्या घरांतून निघावी, ह्यास पालकांची हरकत कां असावी? शिकलेल्यानें कोंड्यापेंढ्यास हात लावूं नये, ही समजूत आमच्या पाहण्यांत वारंवार येते. मॉयरसाहेब चांगले पदवीधर होते.