१३७ कलमांची यादी

युरोपातून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच गोष्टी विचारतात. थंडी किती होती आणि पगार किती होता. तिथे पण सीमाभाग असतो का, हे मला कुणीच विचारलं नाही. म्हणून आज स्वतःच सांगतो. असतो. आणि तिथल्या लोकांनी जे भोगलं ते ऐकलं तर 'तिकडची माणसं सुधारलेली, त्यांना भांडायला वेळ कुठला' हे म्हणणं आपण बंद करू.

२०१९ च्या उन्हाळ्यात कंपनीने तीन महिन्यांसाठी म्युनिकला ट्रेनिंगला पाठवलं होतं. शनिवार-रविवार मोकळा. एका शनिवारी इटलीकडे जाणारी सकाळची गाडी धरली, उद्देश एवढाच की आल्प्सचे डोंगर बघावेत. ऑस्ट्रिया ओलांडून गाडी ब्रेनर खिंडीत आली. साधारण १३७० मीटर उंची. दोन देशांमधला हा चेकनाका १९९८ सालीच उठलाय, त्यामुळे देश बदलला हे कळलं ते स्टेशनच्या पाटीवरून. वर ब्रेन्नेरो, खाली ब्रेनर. पुढे प्रत्येक स्टेशन असंच. ब्रेस्सानोने आणि ब्रिक्सेन. किऊसा आणि क्लाउझेन. बोल्झानो आणि बोट्झेन. गाडीतली घोषणा आधी इटालियनमध्ये, मग जर्मनमध्ये. बेळगावचा माणूस पाट्या वाचत सुटतो, ही आपली जुनी खोड. डोंगर राहिले बाजूला. दोन दिवस मी पाट्या, पावत्या आणि पोस्टाचे फॉर्मच बघत फिरलो. औषधाच्या दुकानाची पाटी दोन भाषांत, बसचं तिकीट दोन भाषांत, 'गवतावर चालू नका' हेसुद्धा दोन भाषांत.

या भागाला दक्षिण टिरोल म्हणतात. पहिल्या महायुद्धाआधी हा ऑस्ट्रियाचा मुलूख, माणसं जर्मन बोलणारी. १९१९ च्या तहात तो इटलीला मिळाला. लोकांना कुणी विचारलं नाही (हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना?). मग मुसोलिनी आला. एत्तोरे तोलोमेई नावाच्या माणसाने गावागावांच्या, ओढ्या-डोंगरांच्या हजारो नावांची इटालियन यादी तयार केली आणि सरकारने ती लादली. स्टर्झिंग गावाचं विपितेनो झालं. जर्मन शाळा बंद. 'टिरोल' हा शब्द लिहायला बंदी. शेवटी थडग्यांवर जर्मन मजकूर कोरायलाही बंदी. मेलेल्या माणसाची भाषा बदलायची म्हणजे हद्द झाली.

मी ज्या घरगुती लॉजवर उतरलो होतो तिथली मालकीण सत्तरीची. माझं जर्मन मोडकं, तिचं इंग्रजी त्याहून मोडकं, पण बाई बोलकी. तिची आई लहानपणी दिवसा इटालियन शाळेत जायची आणि संध्याकाळी शेजारच्या गोठ्याच्या माडीवर चोरून जर्मन लिहायला शिकायची. अशा लपूनछपून चालणाऱ्या शाळा तिथे खेडोपाडी होत्या. शिकवणारे सापडले तर दंड, तुरुंग, नाहीतर हद्दपारी. बाई हे सांगताना रडली-बिडली नाही. हिशेब सांगावा तसं सांगितलं आणि विचारलं, कॉफी घेणार का?

१९३९ मध्ये तर हिटलर आणि मुसोलिनी यांनी मिळून या लोकांपुढे पर्याय ठेवला: भाषा हवी तर जर्मनीत निघून जा, जमीन हवी तर रहा आणि इटालियन व्हा. सुमारे ७५ हजार लोक गाव सोडून गेले. एका घरात एक भाऊ गेला, दुसरा राहिला, आणि राहिलेल्याला गेलेल्याने गद्दार म्हटलं. जखमा भरायला पिढ्या लागल्या.

इथून पुढचा भाग मला आपल्या कामाचा वाटतो. १९४६ साली पॅरिसमध्ये इटली आणि ऑस्ट्रियाचा करार झाला. जर्मन भाषकांना शाळा, कचेरीत भाषा आणि स्वायत्तता देऊ असं लिहून दिलं. दिलं काय? १९४८ मध्ये अशा मोठ्या प्रांताला स्वायत्तता दिली की ज्यात इटालियन भाषक बहुसंख्य होते. कागदावर सगळं आणि हातात काही नाही. १९५७ मध्ये सिगमुंड्सक्रोनच्या किल्ल्यावर हजारोंची सभा भरली. १९६० मध्ये ऑस्ट्रियाने प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. १९६१ च्या जूनमध्ये एका रात्रीत विजेचे कितीतरी मनोरे बॉम्बने पाडले गेले, एक रस्ता-कामगार त्यात जिवाला मुकला, आणि नंतरची काही वर्षं रक्त सांडतच राहिलं. त्या बॉम्बवाल्यांना हिरो मानणारे तिथे आजही भेटतात. मला ते पटत नाही. मनोरे पडले म्हणून फॉर्म जर्मनमध्ये छापले गेले नाहीत.

छापले गेले ते यादीमुळे. १९६९ साली जे ठरलं त्याला तिथे नुसतं 'पॅकेज' म्हणतात. त्यात १३७ कलमं होती. शाळेत कोण शिकवणार, कोर्टात कुठली भाषा, पोस्टात आणि रेल्वेत नोकऱ्या कशा वाटायच्या, घरं कुणाला, अशी एकेक बाब. १९७२ मध्ये नवी स्वायत्तता आली, पण भांडण मिटलं असं ऑस्ट्रियाने अधिकृतपणे सांगितलं ते १९९२ मध्ये. मधली वीस वर्षं हे लोक कलम एक झालं का, कलम दोन झालं का, असं खूण करत बसले. देशाची हद्द एक इंचही सरकली नाही. सरकारी नोकरी पाहिजे तर दोन्ही भाषांची परीक्षा, मग तुम्ही इटालियन असा नाहीतर जर्मन. खिडकीपलीकडच्या माणसाने तुमच्या भाषेत उत्तर देणं ही त्याची मेहेरबानी नाही, त्याच्या नोकरीची अट आहे. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

लगेच टाळ्या वाजवू नका. याची किंमत पण आहे. नोकऱ्या भाषेच्या लोकसंख्येप्रमाणे वाटायच्या म्हणून माणसाने आपण कुठल्या गटाचे ते लिहून द्यावं लागतं. आलेक्झांडर लांगर नावाच्या तिथल्याच नेत्याने १९८१ मध्ये हे लिहून द्यायला नकार दिला. मला एकाच खोक्यात घालू नका, असं त्याचं म्हणणं. त्यापायी १९९५ मध्ये त्याला बोल्झानोच्या महापौरपदाची निवडणूक लढवू दिली नाही. शाळाही वेगवेगळ्या. एकाच गल्लीतली पोरं वेगळ्या फाटकातून आत जातात. माझे निम्मे मित्र कन्नड बोलणारे, त्यामुळे हे मला खटकलं. यादी करताना हे कलम मी तरी उचलणार नाही.

ट्रेनिंगचे शेवटचे दहा दिवस आखेनजवळच्या कारखान्यात होते. तिथून बसने सरहद्द ओलांडून बेल्जियममधलं ऑयपेन गाठलं. हा भागही पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून बेल्जियमला गेलेला. तिथे जर्मन बोलणारे लोक ८० हजारांच्या आतच. आपल्या कितीतरी तालुक्यांची वस्ती याहून जास्त. तरी त्यांची स्वतःची २५ सदस्यांची संसद, स्वतःचं सरकार, शाळा त्यांच्या हातात. 'तुम्ही आहात किती?' हा प्रश्न आपल्याला विचारणाऱ्यांना ऑयपेनला एक चक्कर मारायला सांगावी.

आता तुम्ही म्हणणार, त्यांच्या पाठीशी ऑस्ट्रिया होता, आणि दक्षिण टिरोल श्रीमंत, बहुतेक सगळा कर स्वतःकडेच ठेवतो. खरं आहे. शिवाय तो दोन देशांचा मामला, आपला एकाच देशातल्या दोन राज्यांचा. महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सुप्रीम कोर्टात आहे, तो चालू दे, त्यातून माघार घ्या असं मी म्हणत नाही. पण निकाल लागेपर्यंत खिडकीवर काय? १९५६ सालीच घटनेत ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमं घातली गेली. पहिलं प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करायला सांगतं, दुसरं भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमायला. आपल्यातल्या किती जणांनी त्या अधिकाऱ्याला आजवर एक पत्र टाकलंय? घोषणा आपल्याला तोंडपाठ आहेत. 'मराठीत पाहिजे' म्हणजे नेमका कुठला कागद, कुठल्या खिडकीवर, याची यादी विचारली की मात्र आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.

परतल्यावर मी एका वहीत लिहायला घेतलं. जमिनीचा उतारा. ग्रामपंचायतीची नोटीस. बसवरचं गावाचं नाव. दवाखान्यातली औषध कधी घ्यायचं ती चिठ्ठी. मराठी शाळेत रिकामी पडलेली शिक्षकाची जागा, शाळेच्या नावासकट आणि कधीपासून रिकामी त्या तारखेसकट. निपाणीच्या एका मित्राने वीजबिल घातलं, खानापूरच्या एका बहिणीने अंगणवाडीचं रजिस्टर. सध्या यादी ४१ वर आहे. तुमच्या गावातलं काय राहिलंय ते खाली लिहा, कागदाचं आणि खिडकीचं नाव घालून.