देवयानींतील जोडतारे व एक जुनी दुर्बीण

कार्तिक-मार्गशीर्षांतील एखाद्या निरभ्र रात्रीं दिव्यांपासून दूर उभें राहून वर दृष्टि टाकिली असतां देवयानी तारकासमूहांत एक अंधुक, पांढुरका डाग दिसतो. तो आपल्या आकाशगंगेसारखाच प्रचंड तारासंघ असून त्याचा प्रकाश सुमारें २५ लक्ष वर्षांपूर्वीं निघालेला आहे. हें आमचे विद्यार्थी पाठ म्हणून दाखवितात. परंतु त्या डागांत काय चाललें आहे असें विचारिलें, तर पुष्कळांची वाणी थांबते.

कांहीं तारे जोडीनें राहतात. त्यांपैकीं एक आपलें आयुष्य संपवून न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर झाला, कीं तो आपल्या सोबत्याचा वायु ओढूं लागतो. भोंवऱ्यासारखा फिरत आंत पडतांना तो वायु लक्षावधि अंश तापतो व त्यांतून क्ष-किरण निघतात. आपलें वातावरण हे किरण शोषून घेतें, म्हणून त्यांची दुर्बीण अवकाशांतच न्यावी लागते.

कोणी म्हणेल, असे जोडतारे आपल्या आकाशगंगेंतही आहेत. मग इतक्या दूर कशास पाहावें? जत्रेच्या गर्दींत उभें राहून दिवे मोजतां येत नाहींत, समोरच्या टेकडीवरून येतात. आपल्या तारासंघांत धूळ आड येते, आणि प्रत्येक ताऱ्याचें अंतर निराळें व पुष्कळदां अनिश्चित. देवयानींतील सर्व तारे मात्र आपणांपासून जवळजवळ सारखेच दूर. त्यांत जो अधिक तेजस्वी दिसतो तो खरोखरच अधिक तेजस्वी.

या कामांत सर्वांत तीक्ष्ण दृष्टि ‘चंद्रा’ दुर्बिणीची. ती २३ जुलै १९९९ रोजीं अवकाशांत गेली. पाण्यावर तिरपा फेंकलेला चपटा दगड उसळून जावा, तसे क्ष-किरण तिच्या आरशांना चाटून पुढें जातात व एकत्र येतात. तिचें नांव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून पडलें. १९३० सालीं जुलैअखेर मुंबई बंदरांतून विलायतेस निघालेल्या या एकोणीस वर्षांच्या तरुणानें, मृत ताऱ्याच्या वजनास मर्यादा असते, हें गणित बोटीवरच मांडिलें. (हें नांव सुचविणाऱ्यांत एक हायस्कुलांतील विद्यार्थी होता, हें आमच्या वाचकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें.)

२०१३ सालीं ज्योतिषज्ञांनीं देवयानींत कृष्णविवरें असावींत अशीं २६ नवीं स्थानें जाहीर केलीं. त्यासाठीं ‘चंद्रा’नें तेरा वर्षांत १५० हून अधिक वेळां तिकडे पाहिलें होतें. एकदां पाहून, जोडींतील मृत तारा न्यूट्रॉन तारा कीं कृष्णविवर, हें सहसा ठरत नाहीं. त्याचें तेज केव्हां वाढतें, केव्हां घटतें, त्या वेळीं किरणांची तीव्रता कशी बदलते, हें वर्षानुवर्षें टिपावें लागतें.

असें असतां २०२४ सालीं, या दुर्बिणीचा वार्षिक खर्च सुमारें ६.८ कोटी डॉलरांवरून ४.१ कोटींवर आणावा, असा प्रस्ताव अमेरिकेंत पुढें आला व तेथील ज्योतिषज्ञांनीं त्यास कडाडून विरोध केला. काटकसर करूं पाहणाऱ्यांची बाजू अगदींच पोकळ नव्हे. यंत्र जुनें झालें आहे, उन्हापासून रक्षण करणारें त्याचें आवरण झिजलें आहे, आणि नव्या दुर्बिणींनाही पैसा हवा. तथापि इतक्या सूक्ष्म दृष्टीची दुसरी क्ष-किरण दुर्बीण आजवर कोणींही अवकाशांत पाठविलेली नाहीं. कार्यक्षम यंत्र केवळ वयामुळें उपाशी ठेवणें आम्हांस मुळींच पटत नाहीं. नवें घर उभें राहण्यापूर्वीं जुन्याचें छप्पर कोणी उतरवीत नाहीं.

“यांत आमच्या मुलांना काय मिळणार?” असें कांहीं पालक विचारतील. त्यांस आम्ही २८ सप्टेंबर २०१५ रोजीं श्रीहरिकोट्याहून गेलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ची आठवण देतों. त्याचीं क्ष-किरण उपकरणें घडविण्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा व पुण्याच्या आयुका संस्थेचा मोठा वांटा आहे. तेथें काम करणारे कधीं तरी कोणत्या तरी शाळेच्या बांकावर बसलेच होते. शिवाय ‘चंद्रा’चीं देवयानीवरील जुनीं निरीक्षणें आज सर्वांस खुलीं आहेत, आणि तीं पाहण्यास शुल्क पडत नाहीं.