रमण्याची रांग अजून संपलेली नाही

(धागा : महाराष्ट्रातील शिष्यवृत्त्यांचा इतिहास आणि त्याविषयीचे दोन गैरसमज)

१.
सांगोला म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकाला १७५० आठवते. छत्रपती शाहूंच्या निधनाला वर्षही झाले नव्हते. यमाजी शिवदेवाचे बंड मोडण्यासाठी सदाशिवरावभाऊ रामराजांना घेऊन सांगोल्यास आले आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात तेथे झालेल्या कराराने राज्यकारभाराची सूत्रे पेशव्यांच्या हाती गेली.

२.
सूत्रांबरोबर तिजोरी आली, आणि विद्येसाठी राज्याचा पैसा कुणाला द्यावा हे ठरविण्याचा अधिकारही पुण्यात पक्का झाला. कराराची कलमे पाठ असणारे पुष्कळ भेटतात. या दुसऱ्या अधिकाराचा माग फारसा कुणी घेत नाही. आज सांगोल्यातील बारावी झालेला मुलगा शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, तेव्हा तो याच जुन्या प्रश्नापुढे उभा असतो.

३.
समाजमाध्यमांवर दोन विधाने वारंवार फिरतात. पहिले : ‘पूर्वी शिष्यवृत्ती केवळ विद्वत्तेवर मिळे, जात आणि उत्पन्न पाहण्याची खोड अलीकडची.’ दुसरे : ‘योजना ढीगभर आहेत; ज्याला मिळत नाही, तो आळशी.’ पहिले विधान इतिहासाच्या अज्ञानातून येते. दुसरे वर्तमानाकडे डोळेझाक केल्याने.

४.
प्रथम पहिले. श्रावणात पुण्यात वाटली जाणारी दक्षिणा ही मराठी मुलखातील विद्येसाठीच्या राजकीय अनुदानाची सर्वांत मोठी परंपरा. तिचा आरंभ सेनापती दाभाड्यांच्या तळेगावी झाला. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडल्यानंतर ती पेशव्यांकडे आली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दूरदूरचे ब्राह्मण जमत.

५.
या दक्षिणेला परीक्षा होती, हे मान्य केलेच पाहिजे. शास्त्रीपंडितांची विद्या पाहून रक्कम ठरे. म्हणजे गुणवत्ता होती. परंतु परीक्षेला बसण्याचा अधिकार जन्माने ठरत होता. कुणब्याचा, धनगराचा किंवा महाराचा मुलगा परीक्षेत नापास होत नव्हता; त्याची परीक्षाच होत नव्हती. ज्या रमण्याच्या दारावर जात पाहिली जाई, त्याच्या आतल्या निवाड्याला ‘केवळ विद्वत्ता’ म्हणणे हा शब्दच्छल आहे.

६.
आणि हा पैसा कुणाचा होता? राज्याची तिजोरी भरत होती ती मुख्यतः शेतसाऱ्याने. सांगोल्यासारख्या कोरडवाहू मुलखातील रयत माणगंगेच्या काठी पावसाची वाट पाहत ज्वारी-बाजरी पिकवी आणि सारा भरी. तिच्या घामाचा हिस्सा विद्येवर खर्च होई. विद्या मात्र तिच्या घरी येत नसे.

७.
पेशवाई गेली तरी ही घडी लगेच मोडली नाही. १८२१ मध्ये इंग्रजांनी पुण्यात विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज काढले, ते याच दक्षिणेच्या पैशातून. विद्यार्थी आरंभी ब्राह्मणच. राज्यकर्ते बदलले, लाभार्थी तेच राहिले.

८.
पहिला धक्का दिला तो पुण्यातील सुधारकांनी. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेच्या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठी वापरावा, असा अर्ज सरकारकडे केला. सनातनी मंडळींनी कडाडून विरोध केला. तरीही दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि संस्कृताच्या मक्तेदारीला खिंडार पडले.

९.
खिंडार पडले, वाट मोकळी झाली नाही. १८५५ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठविले. अडाणी कुणबी दांपत्याला धर्माच्या नावाखाली कसे नाडले जाते, हा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारले. रयतेच्या पैशातून दिल्या जाणाऱ्या बक्षिसाला रयतेच्या दुःखावरील पुस्तक पात्र ठरले नाही.

१०.
पुढे याच निधीतून दक्षिणा फेलोशिप दिल्या गेल्या. न्या. रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. त्यांच्या योग्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. उलट सार्वजनिक पैशाने एका बुद्धिमान तरुणाला थोडी उसंत दिली तर समाजाला काय मिळते, याचा हा पुरावाच आहे. प्रश्न इतकाच की ती उसंत आणखी किती घरांत पोहोचू शकली असती.

११.
हा प्रश्न सर्वांत नेमकेपणाने मांडला तो पुन्हा फुल्यांनीच. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदनात त्यांनी शिष्यवृत्त्यांचा स्वतंत्र विचार केला. त्यांचे म्हणणे असे : चढाओढीने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य दिसते, पण जे वर्ग आधीच शिक्षणात पुढे आहेत त्यांनाच ती पुन्हा पुढे नेते. ज्यांच्यात शिक्षणाचा प्रसार झालेला नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखाव्यात.

१२.
तारीख लक्षात घ्यावी : १८८२. संविधान अजून सदुसष्ट वर्षे दूर आहे. सामाजिक मागासलेपण पाहून शिष्यवृत्ती द्यावी ही मागणी कुठल्याही मतपेढीच्या राजकारणातून जन्मलेली नाही. तेव्हा रयतेला मतच नव्हते. ‘अलीकडची खोड’ म्हणणाऱ्यांनी या एका निवेदनाला तरी उत्तर द्यावे.

१३.
फुल्यांची मागणी इंग्रज सरकारने नव्हे, दोन संस्थानिकांनी मनावर घेतली. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास आरंभ केला. फी माफ झाली तरी गावाकडच्या मुलाने शहरात राहायचे कुठे आणि खायचे काय, हे त्यांनी ओळखले होते. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के नोकऱ्या राखण्याचा जाहीरनामा सर्वांना ठाऊक असतो. पण त्या नोकऱ्यांपर्यंत पोहोचणारी वाट वसतिगृहांतून जात होती.

१४.
दुसरे सयाजीराव गायकवाड. १९१३ मध्ये त्यांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर बडोद्याची दहा वर्षे चाकरी करण्याची अट होती. १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्यास गेले, तेव्हा त्या उच्चविद्याविभूषिताला शहरात राहायला जागा मिळेना. शिष्यवृत्तीने पदवी दिली. समाजाने छप्पर नाकारले.

१५.
या कथेवर भाळून जाण्यात एक धोका आहे. सयाजीरावांचे औदार्य थोर होते, तरी ते एका राजाचे औदार्य होते. राजा गुणग्राहक नसता तर? ओळख करून देणारे केळुसकर गुरुजी नसते तर? ज्या व्यवस्थेत शिष्यवृत्ती मिळण्यासाठी योग्य वेळी योग्य माणूस भेटावा लागतो, तिच्यात एक आंबेडकर घडतो आणि बाकीचे कुठे हरवले याची नोंदही राहत नाही.

१६.
हे खुद्द आंबेडकरांनी ओळखले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४२ मध्ये त्यांनी सरकारला निवेदन देऊन अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी केंद्राने निधी द्यावा, अशी मागणी केली. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आजच्या ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’चे मूळ तेथे आहे. राजाच्या मर्जीची जागा नियमाने घेतली, हे त्या निर्णयाचे ऐतिहासिक मोल.

१७.
महाराष्ट्रात पुढची पायरी यशवंतराव चव्हाणांच्या काळातली. बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना वार्षिक बाराशे रुपयांखालील उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना फी माफ झाली. हीच ‘ई.बी.सी.’ सवलत. येथे जात पाहिली नव्हती, उत्पन्न पाहिले होते. ग्रामीण महाराष्ट्रातील पहिल्या पदवीधरांची एक अख्खी पिढी या तीन अक्षरांची ऋणी आहे. आजची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ही तिचीच वारसदार.

१८.
आता दुसरे विधान. योजना ढीगभर आहेत, हे खरे. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि स्वाधार. इतर मागास, भटक्या व विमुक्त विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आणि ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ठरावीक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी.

१९.
परंतु यादी असणे वेगळे आणि ती हाती येणे वेगळे. सांगोला तालुक्यातील वाडीवस्तीवरच्या एखाद्या मुलीचा विचार करावा. वडील हंगामात ऊसतोडीला, घरी मेंढरे, घरातील कुणी महाविद्यालय पाहिलेले नाही. तिला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हवा, अधिवासाचा हवा, जातीचा हवा. व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जातपडताळणी हवी, प्रवेश केंद्रीय फेरीतूनच झालेला हवा, आणि बँक खाते आधारशी जोडलेले हवे.

२०.
यातले एक पाऊल चुकले तर वर्ष जाते. केंद्रीय फेरी सोडून संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतला की सवलत गेली, हे तिला अनेकदा फी भरण्याच्या वेळीच कळते. ज्याच्या घरी सांगणारे कुणी आहे, तो हे सारे वेळेत करतो. ज्याच्या घरी नाही, त्याला आळशी म्हटले जाते. चढाओढीविषयी फुल्यांनी जे १८८२ मध्ये सांगितले, ते महाडीबीटीच्या अर्जाला जसेच्या तसे लागू आहे. पूर्वी विद्येची चढाओढ होती, आता माहितीची आहे.

२१.
रकमेचेही तेच. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राने ठरविलेला निर्वाह भत्ता अभ्यासक्रमानुसार घरून ये-जा करणाऱ्यास वर्षाला अडीच ते सात हजार, वसतिगृहात राहणाऱ्यास चार ते साडेतेरा हजार रुपये. म्हणजे कमाल रक्कम महिन्याला सव्वाअकराशे. पुण्यात एवढ्यात खाणावळही होत नाही. या शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा तर कित्येक वर्षे अडीच लाखांवरच अडली आहे. शाहूंना १९०१ मध्ये जे कळले होते, ते शासनाच्या तक्त्याला अजून कळायचे आहे.

२२.
सांगोला हा अडाणी किंवा राजकीयदृष्ट्या मुका तालुका नव्हे. याच मतदारसंघाने १९६२ पासून अकरा वेळा गणपतराव देशमुखांना विधानसभेत पाठविले आणि दुष्काळी भागाच्या पाण्यासाठीचा लढा दशकानुदशके चालविला. पाण्याच्या त्या लढ्यातली मागणी एका वाक्याची होती : पाणी धरणात आहे असे सांगू नका, ते शिवारात आणून दाखवा.

२३.
शिष्यवृत्तीबाबतही हीच कसोटी लावली पाहिजे. दहावीचा निकाल लागताच प्रत्येक शाळेने विद्यार्थ्याला तो कोणत्या योजनांना पात्र ठरू शकतो हे लेखी द्यावे. दाखले शासनाच्याच कार्यालयांत असतात. ते एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीपर्यंत नेण्याचे ओझे मुलावर नसावे. निर्वाहाची रक्कम वर्ष सरल्यावर नव्हे, सत्राच्या आरंभी मिळावी आणि ती महागाईशी बांधलेली असावी.

२४.
यावर उत्तर येते, ‘घोटाळे होतील.’ घोटाळ्यांसाठी तपास असतो, शिक्षा असते. त्यासाठी प्रामाणिक विद्यार्थ्याला रांगेत उभे ठेवण्याची गरज नसते. रमण्यात आलेल्यांना रांगेतून सोडीत, कारण ते राजाच्या दारी दान मागायला आलेले असत. आजचा विद्यार्थी दान मागत नाही. त्याच्या आजोबा-पणजोबांनी भरलेल्या साऱ्यातून जी विद्या त्यांच्या घरी यायला हवी होती, तिचा हिस्सा तो उशिरा का होईना मागतो आहे. १७५० च्या करारावर वाद घालणाऱ्यांनी या थकबाकीवरही एकदा वाद घालावा.

(धागा समाप्त. ओळखीत कुणी यंदा बारावीला असेल, तर त्याच्यापर्यंत किमान अठरावा आणि एकोणिसावा भाग तरी पोहोचवावा.)