उत्तर न देणारा मास्तर

रत्नागिरीत आंबा आणि दहावी या दोनच विषयांवर घराघरांत गंभीर चर्चा होते. पैकी आंबा एक वेळ उधारीवर मिळेल, शिकवणी मिळत नाही. त्यामुळे मोबाइलमधला फुकट मास्तर आल्यापासून पालकवर्ग हर्षभरित झाला आहे. "अहो, चॅटजीपीटी आहे ना! क्लासची फी वाचली," असं एक गृहस्थ पासबुक सरकवता सरकवता मला म्हणाले. मी पडलो कारकून. वाचलेली रक्कम कुठल्या खात्यातून वजा झाली, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

या मास्तराचे गुण मी नाकारत नाही. रात्री साडेअकरालाही तो जांभई देत नाही. तोच प्रश्न सातव्यांदा विचारला तरी "उद्या वडलांना घेऊन ये" म्हणत नाही. वर्गात हात वर करायला लाजणाऱ्या मुलीला तो देवमाणूसच वाटणार. माझं भांडण एवढंच, की 'मागेल त्याला शेततळे' तसं याचं 'मागेल त्याला उत्तर' चालतं.

आणि उत्तर देणं म्हणजे शिकवणं नव्हे. आमच्याच धंद्यातलं बघा. संध्याकाळी हिशेब जुळला नाही, की फरकाला ९ नं भाग जातो का ते आधी पाहायचं. गेला, तर कुणीतरी ४५ चे ५४ केले असण्याचा संभव. ही विद्या मला बी.कॉम.च्या पुस्तकानं दिली नाही, आमच्या हेडक्लार्कांनी दिली. चूक त्यांना दिसली होती. पण "शोधा, सापडेल" एवढंच बोलून ते चहाला गेले.

हा कारकुनी हेका वाटत असेल, तर तुर्कस्तानात चला. तिथं २०२३ साली सुमारे हजार हायस्कूल विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. गणिताच्या सरावाला ज्यांना साधा चॅटबॉट दिला, त्यांची कामगिरी सरावात ४८ टक्क्यांनी सुधारली. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना ते मिळालंच नव्हतं त्यांच्याहून ही मंडळी १७ टक्क्यांनी मागं! आणखी एका गटाच्या यंत्राला मात्र ताकीद होती, की उत्तर सांगायचं नाही, नुसतं सुचवायचं. त्या मुलांचं परीक्षेतलं नुकसान जवळजवळ टळलं. यंत्र तेच, फरक तोंड आवरण्याचा.

२०२५ च्या जुलैत चॅटजीपीटीनंही उत्तराऐवजी उलट प्रश्न विचारणारा 'स्टडी मोड' काढला. छान झालं. पण तो बंद करायला एक बोट पुरतं, आणि दहावीच्या मुलाला दहा बोटं असतात. म्हणून पालकहो, आधी वही, मग मोबाइल. गणित कुठं अडलं ते मुलानं कागदावर दाखवावं, मगच यंत्राला विचारावं, आणि तेही उत्तर नव्हे, पुढची पायरी.

आपलं कोकण बोर्ड दहावीच्या निकालात राज्यात पहिलं येतं. २०२५ साली ९८.८२ टक्के. त्या परीक्षेला मोबाइल आत नेता येत नाही. आत जातं ते फक्त डोकं. तेव्हा शिकवणी लावायची ती त्याला लावा.