सहकारी बँकांचे संगणक : सेवा सामायिक, करार एकाकी

३१ जुलै २०२४ रोजी देशातील सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांना आपल्याच खात्यातील पैसे एटीएममधून काढता येईनात आणि युपीआयवरून कोणाला देताही येईनात. या बँकांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. काही सहकारी होत्या, काही ग्रामीण. त्यांचे संचालक वेगळे, ग्राहक वेगळे, राज्येही वेगळी. समान दुवा एकच होता. या सर्वांचे संगणकीय कामकाज सी-एज टेक्नॉलॉजीज या एका कंपनीकडे सोपविलेले होते. स्टेट बँक आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी भागीदारीत उभारलेल्या या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोरांचा संगणकी हल्ला झाला आणि हा संसर्ग पुढे पसरू नये म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिला देयक-व्यवस्थेपासून तात्पुरते तोडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. देशातील एकूण देयक-व्यवहारांत या बँकांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच आहे, असे त्या वेळी सांगण्यात आले, आणि अर्ध्या टक्क्याची बातमी जितके दिवस टिकते तितके दिवस ती टिकली.

देशाच्या सरासरीत मोजलेला तोटा फसवा असतो. ज्या तालुक्याच्या गावी नोकरदारांचे पगार, दूध संघाची देणी आणि व्यापाऱ्यांचे रोजचे भरणे एकाच सहकारी बँकेतून होतात, तेथे महिनाअखेरीच्या दिवशी ही बँक ठप्प होणे म्हणजे अर्धा टक्का नव्हे; तेथे तो जवळजवळ संपूर्ण व्यवहार असतो. ठेवीदाराला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे हे खरे. परंतु ते बँक बुडाल्यास किंवा तिच्यावर निर्बंध आल्यास मिळते. बँक धडधाकट आहे, पैसे शाबूत आहेत, केवळ ते हाती येत नाहीत, अशा दिवसासाठी कोणताही विमा नाही.

या घटनेवरून 'ज्याचा त्याचा संगणक ज्याच्या त्याच्या घरी बरा' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो चुकीचा ठरेल. भारतीय बँकांत यंत्रे आली ती एकेकटीच आली. १९८४ च्या रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर शाखाशाखांत खतावणी करणारी यंत्रे बसली. मग प्रत्येक शाखेचा स्वतंत्र संगणक आला. आणि पुढे सगळ्या शाखा एका मध्यवर्ती यंत्राला जोडणारी कोअर बँकिंगची पद्धत आली. चार-पाच शाखांच्या नागरी बँकेत ही मध्यवर्ती यंत्रणा म्हणजे व्यवस्थापकांच्या दालनाशेजारची वातानुकूलित खोली, तीत एक सर्व्हर, आणि अडचण आली की जिल्ह्याच्या ठिकाणाहून येणारा तंत्रज्ञ. त्या खोलीची किल्ली बँकेच्याच हाती असे, याचे समाधान मोठे होते. सुरक्षितता मात्र त्या मानाने बेताचीच होती.

किल्ली आपल्या हाती असल्याने चोरी टळत नाही, हे पुण्याच्या कॉसमॉस बँकेने २०१८ च्या ऑगस्टमध्ये पाहिले. १९०६ साली स्थापन झालेली ही बँक काही लहान नव्हे. तरीही तिच्या एटीएम-यंत्रणेत शिरलेल्या चोरांनी अठ्ठावीस देशांतील एटीएममधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले आणि सर्व प्रकारांनी मिळून ९४ कोटींवर रक्कम लांबविली. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे प्रकरण २०१९ मध्ये उघड झाले. एकाच बांधकाम उद्योगसमूहाची थकलेली कर्जे झाकण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखविल्याचा आरोप तेव्हा झाला. यंत्र दाराआड असले की त्यातील नोंदी बाहेरच्यांना दिसत नाहीत, आणि ही गोष्ट कधी कधी आतल्यांच्या सोयीची असते.

शिवाय खर्चाचा प्रश्न आहे. देशातील सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँकांपैकी जवळपास एक तृतीयांश महाराष्ट्रात आहेत आणि त्यांतील पुष्कळांच्या ठेवी शंभर कोटींच्याही आत आहेत. आता संगणकाची राखण हा असा खर्च आहे की तो व्यवसायाच्या आकाराप्रमाणे लहान होत नाही. शंभर कोटींच्या ठेवी असलेल्या बँकेला लागणारा संगणकी पहारेकरी दहा हजार कोटींच्या बँकेच्या पहारेकऱ्यापेक्षा शंभरपट स्वस्त मिळत नाही. चोवीस तास देखरेख, दूरच्या शहरात राखीव यंत्रणा, आज्ञावलीतील नित्याच्या दुरुस्त्या, नियामकाला पाठवायची विवरणपत्रे हे सारे एका शाखेलाही लागते आणि हजार शाखांनाही. स्थिर खर्च जितका मोठा तितके तो वाटून घेणे शहाणपणाचे, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविले जाते. रिझर्व्ह बँकेनेही हाच विचार केला. २०१६ मध्ये तिने मागे राहिलेल्या नागरी बँकांना सामायिक कोअर बँकिंगवर आणण्याची योजना काढली आणि प्रारंभिक उभारणीपोटी प्रत्येकी चार लाख रुपयांचा भार स्वतः उचलला. सामायिक सेवेकडे जाण्यावाचून लहान बँकेला गत्यंतर नाही, आणि ते वाईटही नाही.

न दिसणारा खर्च

मात्र सामायिकतेने जी बचत होते ती ताळेबंदात दिसते, आणि जो धोका वाढतो तो दिसत नाही. येथे विम्याचे तत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. हजार घरांनी आगीचा धोका वाटून घेतला तर प्रत्येकाचा भार हलका होतो. पण एका अटीवर. एका घराला लागलेल्या आगीचा दुसऱ्या घराशी संबंध नसला पाहिजे. हजार घरांचे छप्पर एकच असेल तर विम्याचे गणितच कोसळते. तीनशे बँकांचे तीनशे सर्व्हर कितीही जुनाट असले, तरी ते एकाच दिवशी बंद पडण्याची शक्यता जवळजवळ शून्य होती. एका उत्तम डेटा सेंटरमध्ये प्रत्येक बँक पूर्वीपेक्षा अधिक सुरक्षित असते. सगळ्या मिळून मात्र एकाच वेळी असुरक्षित होऊ शकतात. ही विसंगती वाटली तरी ती तशीच आहे. त्यातच पुरवठादारालाही पुरवठादार असतात. जुलैच्या त्या हल्ल्याचा मागोवा घेणाऱ्या एका सुरक्षा-संस्थेच्या अहवालानुसार चोरांना वाट मिळाली ती सी-एजसाठी काम करणाऱ्या दुसऱ्याच कंपनीच्या नीट न राखलेल्या सर्व्हरमधून. ज्या कंपनीशी आपला करारच नाही, तिच्या गलथानपणाची झळ तीनशे बँकांना बसली.

दुसरा न दिसणारा खर्च माणसांचा आहे. संगणक बंद पडला तर रोजकीर्द हाताने लिहून संध्याकाळी मेळ घालू शकणारा कारकून आता निवृत्त झाला आहे. त्यामागोमाग सर्व्हरच्या खोलीची देखभाल करणारा तंत्रज्ञही गेला. सेवा बाहेर सोपविताना त्याची जागा भरण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण ती रद्द करणे हाच तर बचतीचा एक भाग होता. परिणामी पुरवठादाराने पाठविलेले देयक वाजवी आहे की नाही, त्याने सांगितलेले बिघाडाचे कारण खरे आहे की नाही, हे पारखणारे बँकेत कोणी उरत नाही. घर भाड्याने घेणे वेगळे आणि घराची किल्ली कशी फिरते तेही विसरणे वेगळे.

सर्वांत मोठी गोम करारात आहे. सेवा सामायिक असली तरी करार प्रत्येक बँक एकेकटी करते. समोर एक बलाढ्य कंपनी, आणि तिच्याकडे छापील मसुदा घेऊन सही करण्यासाठी येणाऱ्या बँका. एखाद्या अटीला हरकत घेतली तर ती बदलण्याइतके वजन यांच्यापैकी एकीकडेही नसते. बंद पडलेल्या दिवसाची भरपाई किती, पुरवठादार बदलायचा झाल्यास खातेदारांची माहिती कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल, हे प्रश्न करार संपविण्याची वेळ येते तेव्हाच सुचतात. बाहेर पडण्याचा खर्च जबर असला की करार नावाला ऐच्छिक राहतो.

रिझर्व्ह बँकेने संगणकीय सेवा बाहेर सोपविण्याविषयीचे निर्देश २०२३ च्या एप्रिलमध्ये काढले. पुरवठादाराची तपासणी करण्याचा हक्क, उपकंत्राटदारांवर लक्ष, बाहेर पडण्याची पूर्वयोजना, एकाच पुरवठादारावर विसंबण्याच्या धोक्याचा विचार, हे सर्व त्यांत होते. परंतु नागरी बँकांच्या चार स्तरांपैकी पहिले दोन, म्हणजे ढोबळमानाने एक हजार कोटींपर्यंत ठेवी असलेल्या बँका, त्या निर्देशांतून वगळण्यात आल्या. लहान बँकांवर कागदपत्रांचे ओझे नको, हा हेतू चांगलाच होता, आणि सायबर सुरक्षेचे वेगळे नियम त्यांना होतेच. तथापि जी बँक पुरवठादारावर सर्वाधिक विसंबून आहे आणि त्याच्याशी घासाघीस करण्यास सर्वांत असमर्थ आहे, नेमकी तिलाच या कवचाबाहेर ठेवणे विचित्र होते. लहान बँक पुरवठादाराची तपासणी करू शकत नाही हे मान्य केले, तर तिच्या वतीने ती कोणी करावी याचे उत्तर द्यायला हवे होते.

मालकी कोणाची?

हे उत्तर सहकाराच्या इतिहासातच सापडण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपातील पतव्यवस्था पाहण्यास पाठविले, आणि जर्मनीतील रायफायझन यांच्या पतपेढ्यांचा कित्ता गिरवावा असा निर्वाळा घेऊन ते परतले. भारतातला १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्याच विचारातून आला. त्या जर्मन पतपेढ्यांचे आजचे वारस म्हणजे तेथील सातशेच्या आसपास सहकारी बँका. त्यांचे संगणकीय काम आट्रूव्हिया ही एक संस्था पाहते. दोन जुन्या संगणक-संस्थांचे २०१५ मध्ये विलीनीकरण होऊन ती घडली, आणि तिची मालकी त्या बँकांचीच आहे. सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवण्याचा धोका त्यांनाही चुकलेला नाही. फरक इतकाच की टोपली त्यांची आहे, आणि ती कशी विणावी यावर मत देण्याचा हक्क त्यांना आहे.

महाराष्ट्राला हा धडा परका नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली प्रवरेच्या काठी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा गुऱ्हाळाऐवजी कारखान्याला ऊस घालणारा शेतकरी त्या कारखान्याचा भागधारकही झाला. यंत्र सामायिक झाले, त्याबरोबर मालकीही सामायिक झाली. मालकीने सारे प्रश्न सुटत नाहीत, हेही याच राज्याने पाहिले आहे. वजनकाट्यावर ऊस कमी भरतो ही सभासदांची तक्रार सहकारी कारखान्यांच्या आवारातही ऐकू येते. म्हणून मालकीबरोबर काटा तपासणारा तिऱ्हाईतही लागतो.

नागरी बँकांची छत्रसंस्था, नॅशनल अर्बन को-ऑपरेटिव्ह फायनान्स अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन, २ मार्च २०२४ रोजी सुरू झाली. तीनशे कोटींचे भांडवल नागरी बँकांकडूनच उभारून त्यांना सामायिक संगणकीय सेवा द्याव्यात, ही तिची एक मुख्य कल्पना. राज्य व जिल्हा सहकारी बँकांसाठी याच धर्तीवर 'सहकार सारथी' ही कंपनी २०२५ मध्ये अस्तित्वात आली. वित्तक्षेत्रासाठी क्लाउड उभारण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या डिसेंबरमध्येच केली होती. दिशा योग्य आहे. परंतु छत्रसंस्था म्हणजे केवळ आणखी एक मोठा पुरवठादार होणार असेल, तर एका छपराऐवजी दुसरे छप्पर इतकाच बदल होईल. तिचे पहिले काम स्वतःचा संगणक विकणे हे नसून सभासद बँकांच्या वतीने एकत्रित करार करणे हे असले पाहिजे : भरपाईचा दर एक, माहिती परत देण्याची मुदत एक, तपासनीस एक. पुरवठादार मात्र दोन-तीन हवेत. त्याने दर थोडे वाढतील, आणि तेवढी किंमत मोजावी. वर्षातून एक दिवस पुरवठादाराची जोडणी मुद्दाम तोडून शाखेचा व्यवहार कसा चालतो हे पाहण्याची सक्तीही या छत्राखालीच होऊ शकते. एकेकट्या बँकेला असा दिवस पाळणे परवडणार नाही. तिचे ग्राहक शेजारच्या बँकेत जातील.

दर वर्षी सप्टेंबरअखेरपर्यंत राज्यातील सहकारी बँकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा पार पडतात. अहवालात 'संगणक देखभाल खर्च' अशी एक ओळ असते, तिच्यापुढे रक्कम असते, आणि वाचनात ती निघून जाते. चर्चा होते ती लाभांशाच्या दराची. बँकेचा डेटा कोठे आहे, त्याचा करार कधी संपतो आणि तो संपला तर पुढे काय, हे विषय पत्रिकेवर नसतात. ते तेथे घालण्यास कायद्याची आडकाठी नाही; सभासदाने वेळेत लेखी सूचना दिली म्हणजे पुरे.